पेरोल ॲपचा रिव्ह्यू: पीएफमध्ये डिस्टिंक्शन, महाराष्ट्रात काठावर पास

पाचपैकी तीन स्टार, आणि त्यातले अडीच नुसते पीएफ-ईएसआयसाठी (प्रॉव्हिडंट फंड आणि कामगारांचा आरोग्य विमा) आहेत हे आधीच सांगून टाकते. कंपनीचं नाव घेत नाही. मला भांडण उकरून काढायचं नाहीये, आणि ओळखीतले एचआरवाले सांगतात की त्यांच्या ॲपची रडही साधारण हीच आहे, त्यामुळे घेताना काय बघायचं तेवढंच लिहिते.

आमचं ऑफिस पुण्यात, माणसं मोजकीच, त्यातला एक जण बंगळुरूहून काम करतो आणि एक दिल्लीहून. पगार, पीएफ, ईएसआय, पीटी (प्रोफेशन टॅक्स), वेल्फेअर फंड (कामगार कल्याण निधी), रजा, सगळं माझ्याकडेच. आधी एक लेबर कन्सल्टंट काका होते, ते सगळं बघायचे पण फोन उचलतील तर शपथ. म्हणून सरांनी हे ॲप घेतलं, जाहिरातीत मोठ्या अक्षरात होतं की सगळ्या राज्यांचे लेबर लॉ एका क्लिकवर.

आधी चांगलं सांगते. पीएफची ईसीआर फाइल (दर महिन्याचं रिटर्न) एका मिनिटात तयार होते, १५ तारखेच्या आत चलन भरायचं म्हणून चार दिवस आधीपासून मेसेज येत राहतात, ईएसआयला २१,००० च्या वर पगार गेला तरी काँट्रिब्युशन पीरियड (वर्गणीचा सहामाही काळ) संपेपर्यंत कपात चालू ठेवायची हे पण त्याला बरोब्बर कळतं, जे भल्याभल्यांना कळत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ ला चार लेबर कोड लागू झाले तेव्हा तर खरंच कौतुक वाटलं, बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून एकूण पगाराच्या निम्म्याच्या खाली असेल तर काय होतं हे आमच्याच माणसांच्या पगारावर आकडे टाकून दाखवलं, सरांना समजवायला मला वेगळी एक्सेल करावी लागली नाही. म्हणजे दिल्लीतून जे निघतं ते या लोकांना तोंडपाठ आहे. मुंबईतून जे निघतं तिथे गाडी अडते.

सगळ्यात पहिला घोळ पीटीचा. महाराष्ट्रात १०,००० च्या वर पगार असला की महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, कारण ११ महिन्यांचे २,२०० आणि वरचे ३०० मिळून वर्षाचे २,५०० पूर्ण करायचे असतात. हे ॲपला येतं, मान्य. पण बायकांसाठी १ एप्रिल २०२३ पासून मर्यादा २५,००० झालीय, त्याच्या आत पगार असेल तर पीटी शून्य, आणि ॲपमध्ये मात्र जुनी १०,००० चीच मर्यादा! आमच्या फ्रंट डेस्कच्या मुलीला २२,००० आहेत, तिच्या ट्रायल स्लिपमध्ये २०० कापलेले दिसले म्हणून मी सपोर्टला फोन केला तर तिकडचा मुलगा म्हणतो, "मॅडम, सिस्टीममध्ये महाराष्ट्राचा स्लॅब अपडेटेडच आहे." मी म्हटलं, अहो दादा, जेंडरची फील्ड तुमच्या फॉर्ममध्ये आहे ना, मग ती कशाला भरून घेता? शेवटी नोटिफिकेशनची कॉपी मीच पाठवली तेव्हा कुठे दुरुस्त झालं. आता यात काय आहे, २०० रुपये कंपनीच्या खिशातून जात नाहीत, त्या मुलीच्या जातात, त्यामुळे मालक लोक स्लिप बघतच नाहीत आणि असं वर्षानुवर्षं कापलं जात राहतं.

लेबर वेल्फेअर फंडाचं तसंच. जून आणि डिसेंबरच्या पगारातून कापायचा आणि १५ जुलै नाहीतर १५ जानेवारीच्या आत भरायचा. पूर्वी माणसाचे १२ आणि कंपनीचे ३६ होते, २०२४ मध्ये ते २५ आणि ७५ झाले. ॲपने रेट बरोबर घेतला, पण रिमाइंडर म्हणून काही आलंच नाही! डॅशबोर्डवर मस्त हिरवी टिकमार्क, वाटतं सगळं भरलंय, आणि क्लिक करून बघितलं तर त्या टिकचा अर्थ एवढाच की पगारातून कापले गेले, बोर्डाला गेले की नाही ते तुमचं तुम्ही बघा. रक्कम किरकोळ म्हणून कुणी मनावर घेत नाही, पण कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती याच फंडातून मिळते आणि त्या फॉर्मवर कंपनीचा वर्गणी भरल्याचा नंबर मागतात.

आता रजा, इथे मी खरी वैतागले. महाराष्ट्राच्या २०१७ च्या शॉप ॲक्टमध्ये (दुकानं-ऑफिसांच्या कायद्यात) २४० दिवस भरले की दर २० दिवसांना १ पगारी रजा आणि साठवता येतात ४५ पर्यंत. शिवाय ८ कॅज्युअल आणि ८ सणाच्या सुट्ट्या, त्यातल्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर ठरलेल्या. ॲपच्या रेडिमेड पॉलिसीत साठवायची मर्यादा ३० टाकलेली, खाली बारीक अक्षरात "ॲज पर ॲप्लिकेबल ॲक्ट". कुठला ॲक्ट, कुणाचा ॲक्ट, पत्ता नाही. आमचा एक जुना मुलगा सोडून गेला, त्याच्या ४१ रजा शिल्लक होत्या, फुल ॲण्ड फायनलमध्ये (नोकरी सोडतानाच्या हिशोबात) ॲपने ११ उडवून टाकल्या. वर नवीन कोडप्रमाणे राजीनाम्यानंतर दोन वर्किंग डेजमध्ये हिशोब चुकता करायचा, म्हणजे सपोर्टच्या तिकिटाला उत्तर यायची वाट बघायला वेळच नाही. हाताने हिशोब केला आणि त्याला पूर्ण ४१ चे पैसे दिले. मर्यादा बदलता येते हो, सेटिंगमध्ये चार पायऱ्या खाली आहे, पण पुण्याचा पत्ता टाकल्यावर ती आपोआप ४५ व्हायला नको का? पैसे कशाचे घेता मग?

गंमत म्हणजे जिथे थांबायचं तिथे हे लोक पळतात. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकानं-आस्थापनांचे दिवसाचे तास ९ वरून १०, तीन महिन्यांचा ओव्हरटाइम १२५ तासांवरून १४४ आणि कायदा लागू व्हायची मर्यादा १० कामगारांवरून २० करायला मान्यता दिली. तेव्हा नुसती मान्यता होती, अध्यादेश निघायचा होता. ॲपने लगेच आमची शिफ्ट १० तासांची करून ठेवली, आणि त्या दहाव्या तासाचा डबल रेटचा ओव्हरटाइम हिशोबातून गायब! टीव्हीवर पट्टी आली की कायदा बदलला असं समजणारे चहाच्या टपरीवर ठीक आहेत, पेरोलमध्ये नकोत. मी ते ९ वर परत आणलं आणि ऑटो-अपडेट बंदच करून टाकलं.

मराठी पाटीचा तर त्यांच्या चेकलिस्टमध्ये उल्लेखच नाही. २०२२ ची दुरुस्ती आहे, दहा कामगारांच्या आतल्या दुकानांनाही लागू, मराठी अक्षर दुसऱ्या भाषेपेक्षा लहान चालत नाही, सुप्रीम कोर्टाने दिलेली मुदतसुद्धा नोव्हेंबर २०२३ मध्ये संपली. आमची पाटी आधीपासून नीट होती म्हणून ठीक.

बाहेरच्या राज्यांचं बरं निघालं, हे मला अपेक्षित नव्हतं. सुरुवातीला दिल्लीवाल्याचापण पीटी कापत होतं, दिल्लीत पीटी नाहीच मुळी, पण प्रत्येकाचं वर्क लोकेशन वेगळं भरलं की ते थांबलं. बंगळुरूवाल्याचं वेल्फेअर फंडाचं वर्षातून एकदाच येतं तेही बरोबर आलं. मला वाटतं यांची टीम तिकडची असावी, कर्नाटकाचं काहीच चुकत नाही!

सपोर्ट गोड बोलतो पण कायद्याची मराठीतली पीडीएफ पुढे केली की म्हणतात इंग्लिश कॉपी पाठवा. मोबाइल ॲप छान आहे, पोरं स्लिप स्वतः काढून घेतात, मला विचारायला येत नाहीत, त्याचा अर्धा स्टार.

रिन्यूअलला आम्ही खालचा प्लॅन घेतोय, फक्त पगार, पीएफ आणि ईएसआय. राज्याचं सगळं परत कन्सल्टंट काकांकडे, फोन न उचलणाऱ्या त्याच, आता निदान व्हॉट्सॲपवर उत्तर देतात. तुम्ही घेणार असाल तर डेमोला बसल्यावर सेल्सवाल्याला सांगा, २२,००० पगाराचा एक पुरुष आणि एक बाई टाक आणि दोघांची फेब्रुवारीची स्लिप काढून दाखव. एकाला ३०० आणि दुसरीला शून्य आलं तरच पुढचं बोलणं करा.