बीएफजी : भाच्यासाठी आणलं, मीच जास्त हसलो

रोआल्ड डालचं १९८२ चं पुस्तक, बीएफजी म्हणजे ‘बिग फ्रेंडली जायंट’, एक प्रेमळ राक्षस. इंग्रजीतलंच मागवलं आणि जळगावच्या उन्हाळ्यात रात्री गच्चीवर भाच्याला वाचून दाखवलं, त्या राक्षसाची उलटीसुलटी इंग्रजी मी सरळ अहिराणीत करून सांगितली तर पोरगं गादीवर लोळून हसलं. राक्षसाच्या सोड्यातले बुडबुडे वर न जाता खाली जातात, म्हणजे ढेकर नाही, डायरेक्ट दुसराच आवाज!! आणि तोही इंग्लंडच्या राणीसमोर. तो खातो त्या स्नॉझकंबर नावाच्या बेचव भाजीचं वर्णन ऐकून आई म्हणे, आपलं कडू निघालेलं गिलकंच हे. क्वेंटिन ब्लेकची चित्रं भारी, राक्षसाचे कान बघाच. फक्त माणसं खाणारे बाकीचे नऊ राक्षस रात्री नको होते वाचायला, पोरगं माझ्या चादरीत घुसून झोपलं. चार पानं उलटी बाइंड झालेली निघाली, म्हणून एक स्टार कापला.