जर्मनीतल्या खोलीचं टोकन नाशिकमधून भरू नका

नाशिकमध्ये घर भाड्याने घ्यायचं तर एजंट फ्लॅट दाखवतो, आवडला की आपण टोकन देतो, मग अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट होतं. गंगापूर रोड असो की पाथर्डी फाटा, रीत तीच. ॲडमिशन झाल्यावर म्युनिकमध्ये खोली शोधणारी मुलं आणि त्यांचे आईवडील हीच सवय पुढे चालवतात आणि नेमके तिथेच फसतात. ‘आज पैसे टाकले नाहीत तर खोली दुसऱ्याला जाईल’ हे वाक्य आपल्याला खटकतच नाही.

साचा ठरलेला आहे. म्युनिकमध्ये शेअरिंगमधल्या एका खोलीलाच 700-800 युरो सहज पडतात. जाहिरात असते 450 युरोत अख्ख्या फर्निश्ड फ्लॅटची. मालकाची म्हणे लंडनला बदली झाली आहे, त्यामुळे घर दाखवता येणार नाही. डिपॉझिट आणि पहिलं भाडं भरा, चावी कुरियरने येईल, नाही आवडलं तर पैसे परत. खात्री पटावी म्हणून तो पासपोर्टची प्रत पाठवतो. ती बऱ्याचदा आधी फसलेल्या कुणाची तरी असते. मग तो तुमचाही पासपोर्ट मागतो. पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवायला!

आयबॅन, म्हणजे पैसे पाठवायचा आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, नीट बघा. पहिली दोन अक्षरं देशाची असतात. जर्मनीचा आयबॅन ‘डीई’ने सुरू होतो आणि एकूण 22 अक्षर-आकड्यांचा असतो. घर म्युनिकला आणि खातं स्पेनमध्ये, तर तिथेच थांबा. अर्थात ‘डीई’ आहे म्हणून निर्धास्त होऊ नका, दुसऱ्याच्या नावावरची खाती तिथेही वापरली जातात. बुकिंग साइटची लिंक आली तर ती न उघडता साइटचा पत्ता स्वतः टाइप करा.

व्हिडिओ कॉल मागायचाच, पण रेकॉर्ड केलेला चालणार नाही. रस्त्यावरून सुरुवात करायला सांगा: घराचा नंबर, दाराशी बेलची पाटी, मग जिना आणि खोली, मध्ये कॅमेरा बंद न करता. तिथे बेलवर आणि टपालपेटीवर आडनावं लिहिलेली असतात. जो आडनाव दाखवायला टाळाटाळ करतो, त्याच्याकडे घर नसतं किंवा ते दुसऱ्याचं असतं.

ही दुसरी तऱ्हाही ध्यानात ठेवा. घर खरं, चावी खरी, पण देणारा स्वतःच भाडेकरू आणि मूळ मालकाची परवानगी नाही. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, करावी लागते आणि त्यासाठी घर देणाऱ्याचं सहीचं पत्र लागतं. ते मिळालं नाही तर नोंदणी रखडते, टॅक्स नंबर लांबतो, व्हिसाच्या पुढच्या कामांतही अडचण येते. म्हणून करार करण्याआधीच ‘पत्र देणार का?’ हे लेखी विचारा.

कायदा बऱ्यापैकी भाडेकरूच्या बाजूने आहे. डिपॉझिट मूळ भाड्याच्या तिपटीपेक्षा जास्त घेता येत नाही आणि ते तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क आहे. पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना. 2015 पासून एजंटाला जो नेमतो त्यानेच त्याचे पैसे द्यायचे, त्यामुळे ‘घर दाखवण्याची फी’ मागणाऱ्याला सरळ ब्लॉक करा. पहिले तीन-चार आठवडे हॉस्टेल किंवा तात्पुरती खोली कार्डाने बुक करून काढावेत, घर तिथे जाऊन बघावं. ‘श्टुडीरेंडेनवेर्क’ या विद्यार्थी-सेवा संस्थेच्या वसतिगृहासाठी अर्ज मात्र ॲडमिशन मिळताच टाकावा, प्रतीक्षायादी लांब असते.

पैसे गेलेच असतील तर तासाभराचाही उशीर नको. स्विफ्टने, म्हणजे बँकेतून थेट परदेशी खात्यात, पाठवलेली रक्कम समोरच्या खात्यात जमा झाली की खातेदाराच्या संमतीशिवाय परत मिळणं कठीण असतं, म्हणून शाखेत जाऊन लेखी रिकॉल, म्हणजे रक्कम परत मागवण्याची विनंती, मागा. 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन आणि सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार कराच. रक्कम भारतातल्या कुण्या ‘प्रतिनिधी’च्या खात्यात रुपयांत भरली असेल तर ती गोठवली जाण्याची शक्यता जास्त. जर्मन पोलिसांकडेही ऑनलाइन तक्रार देता येते. तुमच्या पासपोर्टची प्रत फसवणाऱ्याच्या हाती गेली असल्यास दोन्ही तक्रारींत ते स्पष्ट लिहा.