गाजर हलवा: दूध आटवून की खवा घालून?

थंडीत म्हापशाच्या बाजारात लाल गाजरं आली की हा प्रश्न येतोच. किलोभर गाजरांना लिटरभर दूध घातलं तर तासभर कढईपाशी उभं राहावं लागतं. पण दूध किसात मुरतं आणि कडेला धरलेली साय खरवडून आत ढकलत राहिलं की हलवा छान दाणेदार होतो.

खव्याचं काम झटपट. किस तुपावर परतून वाफेवर शिजवायचा, साखरेचं पाणी आटलं की पाव किलो खवा मोकळा करून घालायचा. मात्र गोव्याच्या दमट हवेत खवा लवकर आंबूस होतो. ताजा असेल तरच घ्या. साखर दोन्हीकडे किस मऊ शिजल्यावरच.

केशरी गाजरं कमी गोड, त्यांना खवा बरा. लाल गाजरं असली की मी दूधच आटवते.