पंपाचे 24,500 घेतले, बिघाड होता 140 रुपयांच्या नळीत

माझ्याकडे जुनी टाटा 407 आहे. डिसेंबरात घरचा आणि शेजारच्या दोघांचा मिळून 20 क्विंटल कापूस भरला आणि पांढरकवड्याकडून हिंगणघाटच्या बाजाराला निघालो. वाटेत चहाला थांबलो. पंधरा मिनिटांनी परत आलो तर गाडी उचलेना. बॅटरी चांगली, सेल्फ जोरात फिरत होता, इंजन गरगर फिरत होतं, पण चालू होत नव्हतं. सायलेन्सरमधून धुराची रेघसुद्धा नाही.

दुसऱ्या गाडीला बांधून एका गॅरेजात नेली. मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, दोनदा सेल्फ मारायला लावला आणि म्हणाला, "भाऊ, पंप गेला. चारही एलिमेंट घासले. नागपूरले पाठवा लागते. नोझलही बदलून घ्या, नाही तं पुन्हा हेच." पंप म्हणजे इंजनाला दाबानं डिझेल देणारा डिझेल पंप, एलिमेंट म्हणजे त्यात तो दाब तयार करणारे भाग आणि नोझल म्हणजे इंजनात डिझेल फवारणारी तोटी.

डिझेल येतंय का हे बघायला त्यानं पंपाकडून नोझलकडे जाणाऱ्या डिलिव्हरी पाइपचा एक नटही सैल केला नाही, की टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या फीड पंपाचा हातपंप दाबून पाहिला नाही. तेव्हा मला हे खटकायला हवं होतं. पण लक्ष कापसाकडे होतं. तो दुसऱ्या गाडीत भरून पाठवला, त्याचं 4,500 भाडं वेगळं. मिस्त्रीनं पंपाचे 16,000, चार नोझलचे 6,000 आणि मजुरी 2,500 सांगितली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्यासमोर गाडी चालू करून दाखवली. काढलेली जुनी नोझलं वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. मी 14,500 रोख आणि 10,000 फोनवरून दिले. बिल मागितलं तर कोऱ्या कागदावर आकडे लिहून दिले. नाव नाही, शिक्का नाही.

40 किलोमीटर गाडी मस्त चालली. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात तेच. इंजन फिरतंय, धूर नाही.

आमच्या गावात एक म्हातारे मिस्त्री आहेत, आता काम सोडलेले. त्यांना घेऊन आलो. काकांनी पहिला प्रश्न विचारला, "आधी काही सांगत होती का गाडी?" होती. पंधरा दिवसांपासून सकाळी सेल्फ जास्त मारावा लागायचा, कधी हातपंप दाबावा लागायचा. काका म्हणाले, पंप झिजला तर गाडी महिनोन्‌महिने आधी सांगते. ओढ कमी होते, गरम इंजन उशिरा उचलतं. चारही एलिमेंट सहसा एका दिवसात जात नाहीत.

मग त्यांनी टाकीकडून येणारी नळी फीड पंपावरून सोडवली. पाच लिटरच्या कॅनमध्ये स्वच्छ डिझेल घेतलं, कॅन पंपापेक्षा उंच टांगला आणि दुसरी नळी लावून त्यातून डिझेल दिलं. आतली हवा निघावी म्हणून फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप दाबत राहिले. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. स्क्रू आवळला, सेल्फ मारला, दुसऱ्या फेरीत इंजन चालू. म्हणजे पंप ठीक, नोझल ठीक; दोष टाकी आणि फीड पंपाच्या मध्येच. तिथली रबरी नळी चेसिसला घासत होती. काकांनी ती अंगठ्यावर वाकवली तशा बारीक भेगा उघडल्या. तिथून डिझेल गळत नव्हतं, म्हणून कोणाला दिसलं नाही. चालताना फीड पंप ओढतो, तेव्हा भेगेतून डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते, आणि गाडी उभी राहिली की नळीतलं डिझेल मागे टाकीत उतरतं. गॅरेजवाल्यानं फक्त हवा काढली होती, म्हणून गाडी तेवढ्यापुरती चालली. नवी नळी आणि दोन क्लिपा, 140 रुपये.

खरा धक्का त्यानंतर बसला. काकांनी कापडानं पंपाची एक बाजू थोडी पुसली आणि मला वाकायला सांगितलं. पंपावर इंजनचा वेग आवरणारा गव्हर्नर असतो, त्याच्या स्क्रूवर तार आणि शिशाचं सील असतं. पंप उघडून कॅलिब्रेशन, म्हणजे डिझेलच्या मापाची जुळवणी, केली की ते तोडून नवं लावतात. माझ्या पंपाचं सील तेलकट मातीच्या थराखाली जसंच्या तसं होतं. बसवायच्या नटांवर पान्याची एकही ताजी खूण नव्हती. काका म्हणाले, "तुमच्या पंपाले कोनं हातच नाही लावला जी." वर्तमानपत्रातली चार नोझलं त्यांनी ओट्यावर मांडली. दोन लांब, दोन आखूड. एकाच इंजनातून अशी निघत नाहीत.

म्हणून गाडीवाल्या सगळ्यांना हात जोडून सांगतो. इंजन फिरतंय पण धूर येत नाही, तर पंपाला हात लावू देण्याआधी समोर उभं राहून कॅनवर चालवून पाहायला लावा. पंप न्यायचाच असेल तर आधी सीलचा फोटो काढा, परत आल्यावर नवं सील पाहा. पैसे पक्क्या बिलावरच द्या.

मी परत गॅरेजात गेलो तेव्हा तो मिस्त्री म्हणाला, "आम्ही जुनंच सील लावतो." पैसे देणार नाही म्हणाला. मी ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, फोन केला. आता यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकतो आहे. 2 वर्षांच्या आत टाकावी लागते आणि एवढ्या रकमेला फी नाही. कागदावर नाव नाही, त्यामुळे फोनवरून दिलेले 10,000 हाच माझा मोठा पुरावा. काका लिहून द्यायला तयार आहेत. सीलचे फोटो काढले आहेत, आणि निकाल लागेपर्यंत पंप कोणी पुसायचा नाही, असं घरात सगळ्यांना सांगून ठेवलं आहे.