भिंतीवरचा अरुण खेत्रपाल: अंबाजोगाईच्या एका पेंटरच्या कामाबद्दल

आमच्या गावच्या वाचनालयाला (केज तालुका) अभ्यासिकेची एक खोली आहे. पहाटे रस्त्यावर धावून आलेली भरतीची पोरं तिथंच अंग वाळवतात आणि पुस्तकं उघडतात. आता एनडीएची तयारी करणाऱ्या दोन-तीन मुलीही येतात. या खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर 1971 च्या भारत-पाक युद्धात शहीद झालेले, परमवीर चक्राचे मानकरी सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचं चित्र आणि माहिती रंगवून घ्यायचं कमिटीनं ठरवलं, आणि पेंटर शोधायचं काम माझ्याकडं आलं. अंबाजोगाईला मंडी बाजाराच्या मागच्या गल्लीत एक जुने पेंटर बसतात. आम्ही सगळे त्यांना मामाच म्हणतो. काम त्यांच्याकडून करून घेतलं. आपल्या भागातल्या शाळा, ग्रामपंचायती, वाचनालयं असं काम काढत असतील तर त्यांच्या उपयोगाला यावं म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी खर्च. चित्र, मजकूर, रंगाचं साहित्य, येणं-जाणं सगळं धरून 9,500 रुपये. एक तृतीयांश उचल आधी, बाकीचे काम झाल्यावर. फ्लेक्सच्या मानानं ही रक्कम फार वाटते, कमिटीतही हाच मुद्दा निघाला. पण आपल्याकडचं ऊन फ्लेक्सला दोन उन्हाळे टिकू देत नाही. शिवाय फ्लेक्सवाल्यांकडून आजवर जे छापून आलंय ते मी पाहिलंय. तालुक्याच्या एका दुकानानं मागं शहीद दिनाला जो फलक करून दिला होता, त्यात खेत्रपालांच्या खांद्यावर कॅप्टनचे तीन तारे होते आणि मागं रणगाडा कुठला तरी आजच्या काळातला. एकविसाव्या वर्षी गेलेल्या पोराच्या बाबतीत हे मला सहन होत नाही.

मामांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "बाई, पोरगं किती वर्साचं होतं?" मी सांगितलं, 14 ऑक्टोबर 1950 चा जन्म, पुण्यातला, आणि 16 डिसेंबर 1971 ला गेला. त्यांनी बोटांवर मोजलं आणि म्हणाले, "मंग गाल भरीव ठिवावे लागतील. लोक शहीद म्हणलं की चेहरा थोराड करून टाकतेत." या एका वाक्यावर मी उचल काढून दिली.

चित्र चौकटी आखून केलेलं आहे. फोटोवर पेन्सिलीनं रेघा, भिंतीवर खडूनं तशाच मोठ्या चौकटी, मग एकेक चौकट उतरवत जायचं. आमच्या पोरांनी हे कधी पाहिलेलं नव्हतं, शिडीभोवती गर्दी करून उभी राहायची. डोक्यावर काळी बेरे टोपी (रणगाडा दलाची ती ओळख), खांद्यावर एकच तारा. हा एक तारा पाहून पोरांनी मला घेरलं, कारण आता अधिकारी होताना लेफ्टनंट म्हणून दोन तारे मिळतात, सेकंड लेफ्टनंट हा हुद्दा आपल्या लष्करात उरलेला नाही. तेव्हा होता. 13 जून 1971 ला खेत्रपाल पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटमध्ये दाखल झाले, म्हणजे युद्धावर गेले तेव्हा नोकरीला सहा महिनेसुद्धा पुरते झालेले नव्हते.

रणगाड्यासाठी मी मामांना नगरच्या (आता अहिल्यानगर) रणगाडा संग्रहालयात पोरांनी काढलेले सेंच्युरियनचे (खेत्रपालांचा रणगाडा याच जातीचा) फोटो दिले होते. बीड जिल्ह्यातल्या शाळांनी सहल काढावी अशी ती जागा आहे, आपल्याला जवळ. आणि नगरचा या गोष्टीशी थेट संबंध आहे. युद्धाची चाहूल लागली तेव्हा खेत्रपाल नगरलाच होते, तरुण अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाला. तिथून त्यांना रेजिमेंटमध्ये परत बोलावलं. वाटेत दिल्लीला घरी थांबले, तेव्हा सामानात गोल्फच्या काठ्या आणि समारंभाचा निळा गणवेश घेतला. लाहोरला गोल्फ खेळेन, जिंकल्यावर मेजवानीला हा गणवेश लागेल, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या आईनं पुढं सांगितलेली ही आठवण. मी मामांना सांगितली तर त्यांनी ब्रश खाली ठेवला आणि बराच वेळ कामाला लागले नाहीत.

आता मजकुराबद्दल, कारण माझा सगळ्यात जास्त जीव त्यात होता. मी मोठा मजकूर लिहून नेला होता. मामांनी वाचला आणि म्हणाले, रस्त्यानं जाणारा माणूस थांबून इतकं वाचत नाही, निम्मं करा. मला ते पटलं नव्हतं, पण आता भिंतीपुढं उभं राहिलं की ते बरोबर होते हे दिसतं. काय ठेवायचं ते आम्ही दोघांनी बसून ठरवलं, ते असं.

पाकिस्तानातल्या शकरगड भागात बसंतर नदीपलीकडं आपल्या पायदळानं पाय रोवले होते. सुरुंगांची पेरणी पूर्ण साफ झालेली नव्हती, तरी पूना हॉर्सचे रणगाडे त्यातूनच पुढं गेले. 16 तारखेला सकाळी जरपाल गावाजवळ पाकिस्तानी पॅटन रणगाडे चालून आले. आपल्या तिथल्या तुकडीनं मदत मागितली आणि दुसऱ्या स्क्वाड्रनमधून खेत्रपाल आपले रणगाडे घेऊन धावले. पुढच्या हल्ल्याच्या वेळी समोर आपले तीनच रणगाडे होते. त्यातल्या एकाला गोळा लागला, दुसऱ्याची तोफ अडकली, उरला तो खेत्रपालांचा ‘फॅमागुस्टा’. शत्रूचे दहा रणगाडे तिथं पडले, त्यातले चार एकट्या खेत्रपालांनी टिपले. फॅमागुस्टाला आग लागली तेव्हा वरून हुकूम आला, रणगाडा सोडा. त्यांनी बिनतारीवर कळवलं की तोफ अजून चालू आहे, मी रणगाडा सोडणार नाही. मग पुन्हा एक गोळा बसला. पण त्या वाटेनं शत्रूचा एकही रणगाडा आत आला नाही. त्याच दुपारी ढाक्याला पाकिस्तानी फौजेनं शरणागती पत्करली, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पश्चिमेकडचं युद्धही थांबलं.

"तोफ अजून चालू आहे" ही ओळ मामांनी सगळ्यात मोठ्या अक्षरांत घेतलीय. त्यांची अक्षरं जुन्या सिनेमाच्या पाट्यांसारखी भरदार आहेत, वेलांट्या आणि उकार जागच्या जागी, एकही शुद्धलेखनाची चूक नाही. आजकाल एवढंसुद्धा मागून मिळत नाही.

वाद झाला तो शेवटच्या परिच्छेदावरून. 2001 मध्ये अरुणचे वडील, ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी आपलं जन्मगाव सरगोधा पाहायला पाकिस्तानात गेले. लाहोरला त्यांचा पाहुणचार केला ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर यांनी, आणि निघायच्या आदल्या रात्री त्यांना सांगितलं की त्या दिवशी तुमच्या मुलासमोर मीच होतो, तो माझ्याच हातून गेला. त्याच्या शौर्याला त्यांनी मनापासून मान दिला. हे भिंतीवर असावं असा माझा आग्रह होता. कमिटीतल्या एकांनी विचारलं, त्या बाजूच्या माणसाचं नाव आपल्या भिंतीवर कशाला? शेवटी गावातले निवृत्त सुभेदार काका बोलले. ते म्हणाले, ज्याच्याशी लढलो त्यानं दिलेली साक्ष सगळ्यात खरी, राहू द्या. दोन ओळी राहिल्या. मला तर वाटतं, बाप म्हणून त्या रात्री ब्रिगेडियर खेत्रपालांनी जे ऐकून घेतलं, तेही या मुलाच्या गोष्टीत यायलाच हवं. पोरांना मी ते वेगळं सांगते.

आता तक्रारी. काम वेळेवर झालं नाही. आम्हाला 16 डिसेंबरला उद्घाटन करायचं होतं, पण मार्गशीर्षातल्या योगेश्वरीच्या नवरात्रात मामांकडं कमानी आणि पाट्यांची गर्दी असते, आणि त्यांनी हे आधी स्पष्ट सांगितलं नाही. फोन उचलत नाहीत, दुकानावरच जावं लागतं. शेवटी 26 जानेवारीला झेंड्याच्या वेळी भिंत दाखवता आली. दुसरं म्हणजे खालची पट्टी. भिंतीला खालून ओल येते, तिथं प्रायमर आणखी एक हात हवा होता. पावसाळ्यानंतर परमवीर चक्राच्या जांभळ्या फितीजवळ रंग फुगला. मामा येऊन खरवडून, पुट्टी भरून परत रंगवून गेले, त्याचे पैसे घेतले नाहीत. तरीही काम सांगताना ओलीचं आधी पाहून घ्या.

चेहऱ्याबद्दल मात्र माझी काही तक्रार नाही. भरतीला जाणारा आमचा एक पोरगा पहिल्या दिवशी म्हणाला, "मॅडम, हे तर आमच्याच वयाचे हायेत." हे त्याला मजकूर वाचण्याआधी कळलं होतं.

शेजारची भिंत रिकामी आहे, तिथं लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर घ्यायचं ठरलंय. तेही पूना हॉर्सचेच, 16 सप्टेंबर 1965 ला चविंडाच्या लढाईत गेलेले. पूना हॉर्समध्ये येण्याआधी ते हैदराबाद संस्थानाच्या फौजेत होते, म्हणजे मराठवाडा ज्या राज्यात होता त्याच राज्याच्या. आमच्याकडच्या फार कमी लोकांना हे माहीत आहे. उचल देऊन झाली आहे, भिंतीच्या ओलीचं काम गवंड्याकडून आधी करून घेतोय, आणि मामांना तारीख नवरात्राच्या पुष्कळ आधीची दिलीय.