गार्डमधून गळ्याचा पहिला डाव: क्रॉस कॉलर, ट्रँगल की गिलोटिन?

सयाजीरावांनी मल्लविद्येला दिलेला आश्रय आणि जुम्मादादा व्यायाम मंदिराची परंपरा यांमुळे बडोद्यातल्या मराठी घरांना आखाडा परका नाही; परंतु ज्याच्या अंगात कुस्ती मुरलेली आहे, त्याला ब्राझिलियन जिऊ-जित्सू या जमिनीवरच्या पकडीच्या खेळातला गार्ड सुरुवातीला पटतच नाही. पाठ टेकली की कुस्ती संपते, आणि इथे तर पाठ टेकवून, समोरच्याला दोन्ही पायांच्या विळख्यात घेऊन लढत सुरू होते. पाठीवर असताना गळा आवळण्याचा कोणता डाव आधी शिकावा, या प्रश्नाचे उत्तर शिकणाऱ्याची अंगकाठी, त्याचा वर्ग गी (सरावाचा जाड, कॉलरचा अंगरखा) घालून चालतो की गीशिवाय, आणि तो किती महिने धीर धरू शकतो, या तीन गोष्टींवर ठरते. क्रॉस कॉलर, ट्रँगल आणि गिलोटिन हे नेहमीचे तीन पर्याय येथे त्याच दृष्टीने पाहिले आहेत.

तिन्ही डाव नीट बसले तर मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्यांवर दाब येऊन मेंदूकडे जाणारा रक्तप्रवाह घटतो आणि साधारण दहा सेकंदांत शुद्ध हरपू शकते. त्यामुळे डाव लागताच हाताने थोपटून हार मान्य करत सोडवून घेणे आणि समोरच्याने थोपटताच तत्क्षणी सोडणे, हे डावाइतकेच आधी शिकावे लागते. मानेचे दुखणे किंवा रक्तदाबाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच या वाटेला जावे.

क्रॉस कॉलर हा गीच्या कॉलरने लावायचा डाव जुडोतून आलेला आहे. समोरच्याला पायांनी बंद गार्डमध्ये धरून एक हात, तळवा वर ठेवून, कॉलरमध्ये शक्य तितका खोल, जवळजवळ मानेच्या मागपर्यंत घालायचा. दुसरा हात पहिल्यावरून किंवा पहिल्याखालून पलीकडच्या कॉलरला न्यायचा. मग त्याचे डोके आपल्या छातीकडे ओढून कोपरे स्वतःच्या बरगड्यांशी आणत मनगटे वळवायची, म्हणजे हाताच्या हाडांची धार मानेच्या बाजूंवर येते. ताकद दंडातून लावणाऱ्याचा डाव फसतो आणि बोटे तेवढी दुखतात. पहिला हात खोल गेला नाही, तर पुढचे सारे व्यर्थ असते. म्हणून नवशिक्याने दुसऱ्या हाताची घाई न करता पहिल्याच पकडीवर कित्येक तास घालवले तरी ते वाया जात नाहीत. खोल गेलेल्या एका हातानेच समोरचा अस्वस्थ होतो, तो हात काढण्यासाठी आपले हात गुंतवतो, आणि त्यातून आर्मबार (कोपर उलटे ताणण्याचा डाव) किंवा त्याला उलटवण्याची संधी मिळते. जिऊ-जित्सूपटू रॉजर ग्रेसीने २००९ च्या जिऊ-जित्सूच्या जागतिक स्पर्धेत आपल्या साऱ्या प्रतिस्पर्ध्यांना याच डावाने थोपटायला लावले होते. अर्थात ते गार्डमधून नव्हे, तर वर बसून. गार्डमधून हा डाव लावणे त्याहून कठीण आहे, कारण अंगाचे वजन मदतीला येत नाही आणि समोरचा पाठ ताठ करून सरळ बसू शकतो. याची उघड मर्यादा अशी की गीशिवाय तो अस्तित्वातच नाही.

ट्रँगल हा तिघांतला सर्वांत संथ शिकला जाणारा आणि माझ्या मते सर्वाधिक मोबदला देणारा डाव आहे. समोरच्याचा एक हात आणि डोके आपल्या मांड्यांच्या आत, दुसरा हात बाहेर, अशी स्थिती साधली की एका बाजूने आपली मांडी आणि दुसऱ्या बाजूने त्याचा स्वतःचाच खांदा मानेवर दाब देतो. कागदावर हे सोपे वाटते. शिकणाऱ्याचे बहुतेक श्रम मात्र कोन साधण्यात जातात. समोरच्याच्या अगदी समोर राहून पाय कितीही आवळले तरी गळा आवळला जात नाही. एक पाय त्याच्या कंबरेवर टेकवून, आपली कंबर बाजूला सरकवून, त्याच्या कानाकडे पाहता येईल इतके वळावे लागते. त्यानंतर मानेवरील पायाचा घोटा दुसऱ्या पायाच्या गुडघ्यामागे अडकवायचा, आणि तो अडकवताना पाऊल न ओढता नडगी धरून पाय जागेवर आणायचा. पाऊल ओढून कुलूप लावण्याची सवय गुडघा आणि घोटा दोन्हींना महाग पडते, आणि शिक्षकाने ती पहिल्या आठवड्यातच मोडायला हवी. ज्याने मल्लखांब केला आहे, त्याच्या मांड्यांना आवळून धरण्याची आणि कंबर उचलण्याची सवय आधीच असते. असा विद्यार्थी इतरांपेक्षा लवकर पुढे जाईल, असा माझा अंदाज आहे.

आखूड पायांच्या माणसांनी ट्रँगल सोडून द्यावा, हा सल्ला मला अर्धवट वाटतो, कारण कोन पुरेसा घेतला आणि हाताने समोरच्याचा पाय आतून अडकवून स्वतःला वळवले, तर आखूड पायांनाही कुलूप लागते. मात्र जाड मान आणि रुंद खांद्यांच्या जोडीदारावर ते खरोखर जड जाते, हे मान्य करायला हवे. ट्रँगलची खरी किंमत तो फसल्यावर कळते: समोरच्याने हात सोडवायला ओढला की आर्मबार, हात बाहेरच्या बाजूला लपवला की ओमोप्लाटा (पायांनी खांदा पिळण्याचा डाव), असे पुढचे डाव त्याच स्थितीतून उघडतात. १६ डिसेंबर १९९४ रोजी अमेरिकेतील टल्सा येथे झालेल्या चौथ्या यूएफसीत (निरनिराळ्या युद्धकलांच्या खेळाडूंच्या लढतींच्या स्पर्धेत) जिऊ-जित्सूपटू रॉयस ग्रेसीने आपल्याहून तीस किलोंपेक्षा जास्त जड असलेल्या डॅन सेव्हर्न या कुस्तीगिराला खाली पाठीवर असतानाच ट्रँगलने थोपटायला लावले, आणि पाठ टेकलेला माणूस हरलेला नसतो, हे त्या लढतीने कुस्तीच्या लोकांना दाखवले. ट्रँगलची तोड म्हणजे समोरच्याने आपल्याला दुमडून वजन मानेवर टाकणे. तसे झाल्यास हट्टाने पाय आवळून न धरता कोन बदलावा किंवा सोडून द्यावे.

गिलोटिन सर्वांत लवकर ‘लागतो’, आणि हाच त्याचा धोका आहे. पट काढायला डोके खाली घालून येणाऱ्याच्या मानेभोवती हात घालणे कोणालाही सुचते. कुस्तीतून आलेल्यांच्या वर्गात तशी डोकीही भरपूर मिळतात. गार्डमधून उठून बसत मान पकडायची, मग पाय बंद करून कंबर पुढे द्यायची, एवढाच ढोबळ आराखडा आहे. पण हात किंचित चुकला की दाब रक्तवाहिन्यांऐवजी श्वासनलिकेवर येतो. जोडीदार दुखून थोपटतो, आणि लावणाऱ्याला आपला डाव पक्का झाल्याचा भास होतो. एडीसीसी या गीशिवायच्या पकडीच्या स्पर्धेत चार वेळा विजेता ठरलेल्या मार्सेलो गार्सियाने कोपर उंच ठेवण्याची पद्धत लोकप्रिय केली. ती शिकवणारा असेल तर चित्र पुष्कळ बदलते. शिवाय समोरच्याने गार्ड ओलांडून विरुद्ध बाजूला उतरल्यावरही मान धरून ठेवणाऱ्याचा स्वतःचाच गळा त्याच्या खांद्याखाली आवळला जाऊ शकतो. लहान मुलांच्या गटांत स्पर्धेचे नियमच हा डाव लावू देत नाहीत, त्यामुळे मुलासाठी वर्ग शोधणाऱ्या पालकांनी तो पर्याय तूर्त बाजूलाच ठेवावा.

वर्ग गीवर चालत असेल, वय पस्तिशीपुढे असेल किंवा गुडघ्यांची तक्रार असेल, तर क्रॉस कॉलरपासून सुरुवात करावी; बडोद्याच्या एप्रिल-मेमध्ये जाड गी घालून सराव करणे आणि पावसाळ्यात ती वाळवणे हा त्रास त्यात गृहीत धरावा. गीशिवायचा वर्ग असेल, किंवा गुडघे निरोगी असून सहा महिने एकाच डावावर देण्याची तयारी असेल, तर ट्रँगल. कुस्तीतून आलेल्याला गिलोटिनचा मोह होईलच. त्याने तो शिकावा, पण पाठीवर राहून कंबर हलवण्याची सवय लागल्यानंतर. वर्गाची फी भरण्यापूर्वी एक तास बसून पाहावे: ट्रँगल शिकवताना शिक्षक कोन कसा घ्यायचा हे दाखवतो की नुसते ‘आवळ, आवळ’ म्हणतो, आणि कोणी थोपटल्यावर जोडीदार किती चटकन सोडतो.