आधी दप्तर की आधी माणूस? नागपूरवर लघुप्रबंध करणाऱ्यांसाठी

नागपूरच्या इतिहासावर लघुप्रबंध करायचा ठरला की पहिला पेच हाच पडतो: पुराभिलेखागारात बसून कागद काढायचे की वस्तीत जाऊन माणसांना बोलतं करायचं? दोन्ही करा, असं सगळेच सांगतात. पण हाती मोजके महिने असतात, तेव्हा सुरुवात कुठून करायची हे ठरवावंच लागतं.

विषय भोसलेकाळातला असेल तर फार विचार नको. १८५३-५४मध्ये डलहौसीने हे राज्य खालसा केलं. त्याआधीचं पाहणारं कोणी आज हयात नाही, तेव्हा मोडी शिका आणि कागदांकडे वळा. पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेलं मात्र टाकून देऊ नका. गोंड यजमानांच्या वंशावळी परधान, म्हणजे त्यांचे परंपरागत भाट, किंगरी या तंतुवाद्यावर गात आले. त्यात सन-तारीख शोधायची नसते. कोण कोणाचा सोयरा, कोणाचा मान कोणता, हे तिथे मिळतं.

खरी निवड येते विसाव्या शतकात. एम्प्रेस मिल घ्या. जमशेटजी टाटांनी ती १ जानेवारी १८७७ला सुरू केली, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं त्याच दिवशी. भांडवल, मजुरीचे दर, संपाच्या तारखा यांसाठी कागदच हवा. आकड्यांच्या बाबतीत आठवणीवर विसंबू नये. पण तो कागद व्यवस्थापनाने, पोलिसांनी, सरकारी खात्याने आपापल्या गरजेपुरता लिहिला. भोंग्याच्या वेळा पाळताना घरातल्या बाईचा दिवस कसा जायचा, कामावर लावून घ्यायला जॉबर, म्हणजे मजूर भरणारा मुकादम, काय मागायचा, कोणत्या खात्यात कोणाला शिरकाव नव्हता, हे मिलमध्ये राबलेल्यांना आणि त्यांच्या घरच्यांनाच विचारावं लागतं.

‘आठवणी चुकतात’ ही हरकत मार्गदर्शक हमखास घेतात, आणि ती खरी आहे. तरी इटलीतल्या तेर्नी या पोलाद कारखान्याच्या गावचं उदाहरण बघा. लुईजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार १९४९मध्ये, नाटोविरोधी निदर्शनाच्या वेळी पोलिसांकडून मारला गेला. पुढे कित्येक गावकरी सांगत, तो १९५३च्या कामगारकपातीविरुद्धच्या लढ्यात गेला. अलेस्सांद्रो पोर्तेल्ली या अभ्यासकाने ही चूक नुसती दुरुस्त केली नाही, ती का झाली याचा माग काढला. नोकऱ्या गेल्याचा घाव एवढा खोल होता, की लोकांनी आपला हुतात्मा त्या लढ्यात नेऊन ठेवला. पोलीस अहवालात हे कधीच सापडलं नसतं. अर्थात, १९४९ची नोंद हाताशी होती म्हणूनच चूक ओळखता आली.

आपल्याकडे १९४२मध्ये नागपुरात दलित महिलांची अखिल भारतीय परिषद झाली. अध्यक्षा सुलोचनाबाई डोंगरे यांचं नाव आणि ठराव नोंदीत आहेत. समोर बसलेल्या हजारो बायका कोण होत्या, घरातून कशा निघाल्या? ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून चळवळीतल्या स्त्रियांना भेटत गेल्या, त्यांच्याशी बोलल्या, म्हणून १९८९मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक उभं राहिलं. १४ ऑक्टोबर १९५६च्या धम्मदीक्षेचंही तसंच. बावीस प्रतिज्ञा छापील मिळतात. घरातले देव कोणी उचलले आणि सासू काय म्हणाली, हे त्या घरातच कळतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: विषय गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांतला असेल तर आधी माणसं गाठा. दीक्षेच्या वेळी विशीत असलेले लोक आज नव्वदीच्या आसपास आहेत. फाईल पुढच्या वर्षीही बघता येईल.

मेहनत मात्र कमी नाही. तासाभराचं रेकॉर्डिंग कागदावर उतरवायला त्याच्या कितीतरी पट वेळ जातो. आजोबा ‘काम करून राहिलो होतो’ म्हणाले तर तसंच लिहा, त्याचं पुस्तकी मराठी करू नका. परवानगी लेखी घ्या, नाव छापायचं की नाही हेही विचारा. ‘तुमचं शोषण झालं का?’ याला हो किंवा नाही एवढंच उत्तर येतं; ‘पगाराच्या दिवशी काय काय व्हायचं?’ विचारलंत की माणूस बोलू लागतो. मग कागदांकडे जा, आणि त्या वर्षीच्या वर्तमानपत्राची झेरॉक्स घेऊन पुन्हा त्याच घरी जा. छापलेलं वाचून दाखवलं की ‘असं नव्हतं झालं’ म्हणत जे सांगितलं जातं, ते सगळं उतरवून घ्या.